उधळ्या पुत्र आणि दाराबाहेरचा थोरला

ख्रिस्ती धर्मातली पापक्षमेची शिकवण समजून घ्यायची तर लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायापासून सुरुवात करणे सोयीचे. त्यात येशूचे एकापाठोपाठ तीन दाखले आहेत : शंभरातले हरवलेले एक मेंढरू, दहातले हरवलेले एक नाणे आणि घर सोडून गेलेला धाकटा मुलगा. हे दाखले कोणाला सांगितले ते मात्र पुष्कळदा विसरले जाते. जकातदार आणि गावाने ओवाळून टाकलेली माणसे येशूच्या पंगतीला बसत. त्यावरून परूशी आणि शास्त्री हे यहुदी समाजातले धर्मनिष्ठ लोक कुरकुर करू लागले, तेव्हा येशूने हे दाखले त्यांना ऐकवले. म्हणजे समोर बसलेले श्रोते घर सोडून गेलेले नव्हते, घरात राहिलेले होते.

तिसरा दाखला मराठी ख्रिस्ती घरांत ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ म्हणून ओळखला जातो. धाकटा मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो, तो विकून दूर देशी जातो आणि चैनीत सगळे संपवतो. पुढे दुष्काळ पडतो. पोटासाठी तो डुकरे राखतो, त्यांच्या पुढ्यातल्या शेंगाही त्याला मिळेनाशा होतात. मग तो घरची वाट धरतो.

खानदेशातल्या वाचकाला या कथेचा पहिला धक्का कदाचित जाणवणार नाही. मुक्ताईनगर, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यात बाप हयात असताना वाटणी होणे नवलाचे नाही. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित जमिनीवर मुलाचा जन्मतः हक्क मानला गेला आहे. तो त्याने मागितला तर फार तर भावकीत चर्चा होते. यहुदी रिवाज वेगळा होता. तिथे वारसा बापाच्या मृत्यूनंतर हाती यायचा. अनुवादाच्या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन मुलगे असतील तर धाकट्याला एक तृतीयांश. बापाच्या जिवंतपणी तो मागणे म्हणजे तुमच्या मरणाची वाट पाहायला मला सवड नाही असे तोंडावर सांगणे. त्यात त्याने जमीन विकून पैसा गावाबाहेर नेला. डुकरे राखण्याच्या तपशिलाचेही तसेच. यहुदी माणसाला डुक्कर अशुद्ध, त्यामुळे हे काम नुसते हलके नव्हते. धर्मातून बाहेर पडल्याची ती खूण होती. मुलाने बाप, गाव आणि धर्म असे तिन्ही सोडले होते.

घरी जाऊन काय बोलायचे ते त्याने वाटेवरच जुळवून ठेवले होते. त्यात तीन गोष्टी होत्या : आपण देवाचा आणि बापाचा अपराध केला, आता आपण मुलगा म्हणवून घेण्याच्या लायकीचे नाही, तेव्हा आपल्याला गड्यांपैकी एक म्हणून ठेवावे. बापाला तो दुरूनच दिसतो. घरंदाज म्हातारा माणूस भर रस्त्यात धावत सुटतो, हेच त्या समाजात अशोभनीय. तो मुलाच्या गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो, पहिल्या दोन गोष्टी सांगतो, पण तिसरी त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. बाप मध्येच चाकरांना हुकूम सोडतो : उंची झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायात जोडे घाला, पोसलेले वासरू कापा. गुलाम अनवाणी असत, म्हणून जोड्यांना अर्थ होता. अंगठी घराण्यातल्या अधिकाराची. गडी म्हणून राहण्याची अट बाप नाकारतोसुद्धा नाही, ती मांडायलाच जागा ठेवत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ज्याला कृपा म्हणतात तिचे सगळे विवेचन या अर्धवट राहिलेल्या बोलण्यात आले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. क्षमा पश्चात्तापाच्या मोबदल्यात मिळत नाही; मुलगा बोलण्याआधीच बाप धावलेला असतो. पण मुलाला निघावे लागते, चालावे लागते आणि चूक तोंडाने कबूलही करावी लागते. या दोन बाजूंपैकी कोणत्या बाजूवर किती भर द्यायचा, यावर पुढे ख्रिस्ती पंथांमध्ये शतकानुशतके वाद झाले.

कथा इथे संपत नाही. शेतातून परतलेला थोरला मुलगा वाद्यांचा आवाज ऐकतो आणि कारण कळल्यावर घरात पाऊल टाकायला नकार देतो. बोलताना तो धाकट्याला भाऊ म्हणत नाही, ‘तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप पुन्हा बाहेर येतो, त्याचीही समजूत घालतो आणि उत्तरात ‘तुझा भाऊ’ हे नाते परत जोडून देतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. ज्यांना दाखला ऐकवला जात होता त्यांनी ते ठरवायचे होते.

रुसून दार लावून घेतलेल्या भावाची मनधरणी मुक्ताईनगरच्या माणसाला नवी नाही. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाला मुक्ताबाईचे नाव आहे. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांना विनवले, ही ताटीच्या अभंगांमागची कथा कोथळी-मेहूणच्या यात्रेला येणाऱ्या वारकऱ्याला तोंडपाठ असते. दोन्ही कथांची शिकवण एक आहे असे म्हणता येणार नाही. ज्ञानदेवांवर अन्याय झाला होता. दाखल्यातल्या थोरल्यावर तो झालेला नाही, आपल्यावर झाला अशी त्याची समजूत आहे. पण घराबाहेर अडून बसलेला माणूस नेहमी पापीच असतो असे नाही, स्वतःला निर्दोष समजणारासुद्धा असतो, हे दाखल्यातले मर्म ताटीची कथा ऐकलेल्याला लवकर कळते.

बायबलच्या जुन्या करारात परतण्याची ही कल्पना आधीपासून आहे. दावीद राजाने बथशेबेसाठी तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवले. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून राजाकडूनच निवाडा वदवून घेतला आणि तो माणूस तूच, असे सुनावले. स्तोत्रसंहितेतले एक्कावन्नावे स्तोत्र परंपरेने या प्रसंगाशी जोडले जाते. दाविदाला क्षमा मिळाली, पण परिणाम टळले नाहीत; मूल दगावले, पुढे घरात बंडाळी माजली. क्षमा म्हणजे शिक्षेतून सुटका, असा सोपा अर्थ बायबल लावू देत नाही, याचे हे ठळक उदाहरण. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात तर देव स्वतःच सोडून गेलेल्या बायकोला परत आणणाऱ्या नवऱ्याच्या जागी उभा केला आहे.

नव्या करारात पेत्र आणि यहूदा यांची जोडी बोधक आहे. दोघेही बारा शिष्यांपैकी, दोघांनीही एकाच रात्री गुरूला दगा दिला. यहूदाने चांदीची तीस नाणी घेऊन त्याला पकडून दिले. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा त्याची ओळख नाकारली. पश्चात्ताप दोघांनाही झाला, यहूदाने तर पैसेही परत केले. पण तो आत्महत्येकडे वळला. पेत्र रडला आणि बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू तिबेरियाच्या सरोवराकाठी पेत्राला भेटतो. तिथे तो जाब विचारत नाही, प्रेम आहे का एवढेच तीनदा विचारतो आणि प्रत्येक वेळी कळप सांभाळायचे काम सोपवतो. यहूदाचे पाप पेत्राच्या पापापेक्षा मोठे होते म्हणून तो बुडाला, असे बहुतेक भाष्यकार मानत नाहीत. त्याने क्षमेची आशा सोडली, हा फरक ते दाखवतात. निराशेला ख्रिस्ती परंपरेत गंभीर पाप गणले जाते ते यामुळे.

देव क्षमा करतो हे मान्य झाल्यावरही एक अडचण उरते : मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समुदायाने, काय करायचे? इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियस याने प्रजेतल्या प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला; काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे दारात येऊन उभे राहिले. ज्यांचे नातलग तुरुंगात मेले होते त्यांनी यांच्याशेजारी बसून प्रभुभोजनाच्या पवित्र विधीत भाग घ्यायचा का? रोममधला नोव्हेशियन म्हणाला, नाही; देव काय ते करील, पण मंडळीला या पापाची क्षमा देण्याचा अधिकार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन सुरुवातीला कडक होता. 251 च्या सभेत त्याने मधला मार्ग काढला. विकतचा दाखला घेतलेल्यांची प्रकरणे एकेक करून तपासायची आणि त्यांना परत घ्यायचे. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करायचे आणि मरणसमयी त्यांना सामावून घ्यायचे. पुढच्या वर्षी नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा ही अटही सैल झाली. नोव्हेशियनचा पंथ वेगळा निघाला आणि काही शतके टिकला. येशूच्या दाखल्यातला थोरला मुलगा नोव्हेशियनसारख्यांच्या रूपाने इतिहासात आला तो खलनायक म्हणून नव्हे. बहुधा तो निष्ठावंत, सोसलेला आणि म्हणूनच ऐकायला कठीण माणूस होता.

सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत आणि आयुष्यात एकदाच होई. आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी आणि वारंवार पापनिवेदनाची रीत युरोपभर नेली. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूकडे पापे कबूल करावीत असा नियम केला. कॅथलिक पंथात हा सात संस्कारांपैकी एक आहे. मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त हे त्याचे भाग. ऐकलेले गुप्त ठेवण्याचे बंधन इतके कडक, की ते थेट मोडणारा धर्मगुरू बहिष्कृत होतो. गोव्यात या विधीला ‘कुमसार’ म्हणतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गोव्यातल्या आणि वसईतल्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात.

मार्टिन ल्यूथरचा 1517 चा झगडा याच विषयावरून पेटला. पैसे भरून पापाची शिक्षा माफ करून देणाऱ्या पत्रांवर त्याने टीका केली. त्याच्या पंच्याण्णव प्रमेयांपैकी पहिल्याच प्रमेयाचा आशय असा, की ख्रिस्ती माणसाचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. प्रॉटेस्टंट पंथांत धर्मगुरूपुढची कबुली सक्तीची राहिली नाही. माणसाने थेट देवापुढे मन मोकळे करावे आणि जिथे मंडळी दुखावली असेल तिथे मंडळीपुढे बोलावे, अशी रीत रुळली. महाराष्ट्रात अहमदनगर, जालना, वऱ्हाड आणि खानदेशात जी मंडळी उभी राहिली ती मुख्यतः या रीतीची.

मराठी समाजाला ‘परत घेणे’ या प्रश्नाची ओळख एका वेगळ्याच बाजूने होती. 1843 मध्ये मुंबईत श्रीपाद शेषाद्री हा मुलगा मिशनऱ्यांकडून कोर्टामार्फत आईबापांकडे परत आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्याचा भाऊ नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला, धर्मोपदेशक झाला आणि पुढे त्याने जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदींवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल दूषणे दिली. या प्रकरणांत पाप देवाचे की जातीचे, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. परत घेण्याचा अधिकार कोणाचा, यावरच भांडण झाले. ख्रिस्ती मंडळ्याही या दोषातून मोकळ्या नव्हत्या, कार्थेजचा इतिहास त्याला साक्ष आहे. फरक एवढाच, की त्यांच्याच धर्मग्रंथात त्यांना अडचणीत आणणारा दाखला होता.

मराठी मुलखात पश्चात्तापाची सर्वांत मोठी सामुदायिक घटना घडली ती दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त पुढे काही वर्षांनी मिळाला, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. धर्म स्वीकारणे आणि देवाकडे वळणे या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यांनी अनुभवातून मांडले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांत आणि गुजरातेतून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या; वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वखुशीने पुढे येण्याचे आवाहन केले. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस मुलींच्या खोल्यांतून रडण्याचा आणि प्रार्थनेचा आवाज उठू लागला. शाळेचे तास थांबले, कामे बाजूला पडली. मुली खोटे बोलल्याचे, चोरल्याचे, भांडल्याचे उघड कबूल करू लागल्या. तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी 1906 मध्ये या दिवसांविषयी पुस्तक लिहिले आणि ते जगभर गेले. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव येते ते त्यामुळे. या गोंगाटावर टीकाही झाली. हिंदुस्थानी माणसाने आपल्या पद्धतीने रडावे, ओरडावे, टाळ्या पिटाव्यात यात बिघडले काय, अशी रमाबाईंची भूमिका होती.

या घटनेचे मूल्यमापन करताना पवित्र आत्म्याचा अग्नी उतरल्याच्या वर्णनांवर फार भर दिला गेला आहे. रडणाऱ्या या मुली कोण होत्या, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा वाटतो. दुष्काळात घरच्यांनी टाकलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या, नवऱ्याच्या मरणाला पूर्वजन्मीचे आपलेच पाप कारण असे ऐकत वाढलेल्या. न केलेल्या पापाचे ओझे त्यांच्यावर लहानपणापासून होते. आता त्या स्वतः केलेल्या, मोजता येतील अशा चुका नावानिशी सांगत होत्या आणि क्षमा झाली असे ऐकत होत्या. नशिबाचे पाप धुता येत नाही. चोरलेली वस्तू परत देता येते.

खानदेशात पापक्षमेची ही शिकवण रेल्वेच्या वाटेने आली. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने वऱ्हाड आणि पूर्व खानदेशात अकोला, खामगाव, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशा रुळांलगतच्या गावांत काम उभारले. पश्चिमेकडे नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. कॅथलिक पंथात जळगाव आणि धुळे हे जिल्हे 1987 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत भरकटलेल्या सभासदाला परत घेण्याची पद्धत साधी असते. दारू, दुसरा घरोबा, मंडळीच्या पैशाचा गैरव्यवहार अशा बाबतीत पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि वडीलमंडळी आधी घरी जाऊन बोलतात. ऐकले नाही तर काही काळ प्रभुभोजन बंद होते. उपासनेला येण्यास मात्र मनाई नसते. माणूस वळला की पाळकाबरोबर प्रार्थना होते आणि दोष उघड असेल तर रविवारच्या उपासनेत सभासदांपुढे कबुली. मग मंडळी त्याला पुन्हा सहभागितेत घेते.

भरपाईवर पाळक जोर देतात. आधार जक्कयाचा. यरीहोच्या या जकातदाराने येशू घरी आल्यावर अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. इथेही क्रम उलटा आहे : आधी येशू त्याच्या घरी गेला, मग त्याने पैसे काढले. उसने घेऊन बुडवलेली रक्कम, बळकावलेला बांध, भावाशी वर्षानुवर्षे धरलेला अबोला हे मिटवल्याशिवाय कबुली पुरी झाली असे जुने पाळक मानत नाहीत. डोंगरावरील प्रवचनात येशूने अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे, ते वचन अशा वेळी हमखास काढले जाते.

अडचण बहुधा कबुलीनंतर येते. पंचवीस-तीस घरांच्या मंडळीत प्रत्येकाला प्रत्येकाचे मागचे ठाऊक असते. लग्नाच्या बोलणीत, कमिटीच्या निवडणुकीत, नाताळच्या वर्गणीच्या हिशेबात जुनी गोष्ट पुन्हा निघते. परत आलेल्याला लगेच जबाबदारीचे पद देऊ नये, विशेषतः पैशाचे, असा संकेत पुष्कळ मंडळ्या पाळतात आणि तो अवाजवी म्हणता येत नाही. क्षमा आणि विश्वास यांचा वेग सारखा नसतो. पण हा सावधपणा कधी संपवायचा याचा नियम कुठे लिहिलेला नसल्यामुळे तो अनेकदा आयुष्यभर चालतो आणि माणूस मंडळीत असून पाहुण्यासारखा राहतो. अशा वेळी काही पाळक उपवासकाळातल्या एखाद्या रविवारी लूकच्या पंधराव्या अध्यायावर उपदेश करतात आणि धाकट्याऐवजी थोरल्यावर बोलतात.